कण म्हणजे कण

प्रयोगशाळेत साहेबांना त्यांच्या पाठीमागे सगळे ‘पुढच्यावर्षी’ म्हणत. गेली अकरा वर्षं स्नायूंच्या आजारावरचं औषध पुढच्या वर्षी येणार होतं, आणि साहेब ते दर वर्षी तितक्याच उमेदीने जाहीर करत. एखाद्याने निदान थोडं ओशाळावं. पण ओशाळायला लागणारं जनुक साहेबांच्यात जन्मतःच नव्हतं, आणि ते कुठल्या विषाणूत भरून त्यांना टोचावं, यावर अजून कुणी संशोधन केलेलं नव्हतं.

त्या सोमवारी सकाळी मात्र सभागृहात खरोखरीचा जल्लोष होता. नव्या मोठ्या टाकीतला पहिला माल गाळून, शुद्ध होऊन बाटल्यांत उतरला होता, आणि गुरुवारी हॉस्पिटलात पहिल्या दोन रुग्णांना तो टोचायचा होता. पडद्यावर भल्या मोठ्या अक्षरांत एकच शब्द होता, ‘एकदाच!’ त्याच्या खाली साहेबांचा लाडका उंदीर चाकावर धावत होता. हा उंदीर साहेबांच्या प्रत्येक भाषणात धावे. प्रत्यक्षात त्याला जाऊन सात वर्षं झाली होती, पण पडद्यावर त्याला सुट्टी नव्हती.

“एकच सुई,” साहेब म्हणाले, “आणि जन्माचं काम!”

टाळ्या पडल्या. शेवटच्या रांगेतल्या मोजणीबाईंनी तेवढ्या वाजवल्या नाहीत. हातात कागद होता, ही सबब त्यांना पुरली.

मोजणीबाईंचं काम नावातच होतं. औषध म्हणजे तसा एक निरुपद्रवी विषाणू. त्याच्या कवचातलं त्याचं स्वतःचं सामान काढून टाकायचं, तिथे माणसाला हवं असलेलं जनुक भरायचं आणि त्याला रक्तात सोडायचं. तो इमानदार टपालवाल्यासारखा स्नायूंच्या पेशींत जाऊन जनुक पोचवणार, असा सगळा बेत. ऐकायला झकास. घोडं पेंड खायचं ते पुढे. एक तर स्नायू म्हणजे काही नखाएवढा अवयव नव्हे. माणसाच्या वजनाचा तिसरा हिस्सा तरी स्नायूच असतो, मानेपासून पोटरीपर्यंत पसरलेला. तेव्हा एकेका किलोमागे शंभर लाख कोटी कण लागत. शून्यं मोजताना बाईसुद्धा कागदावर बोट ठेवत. त्यातून मूळ जनुक इतकं लांबलचक की कवचात मावेना, म्हणून साहेबांनी त्याची दोन्ही बाजूंनी काटछाट केलेली. आणि रक्तात सोडलेल्या मालातला मोठा वाटा यकृत आपल्याकडेच ओढून घेई. स्नायूंच्या वाट्याला उरलंसुरलं.

राहता राहिला पडद्यावरचा तो शब्द. ‘एकदाच’ हा औषधाचा गुण म्हणून साहेब मिरवत. खरी गोष्ट अशी की शरीराचे पहारेकरी एकदा हा विषाणू बघतात आणि त्याचा चेहरा कायमचा लक्षात ठेवतात. दुसऱ्यांदा तो दारात आला की त्याला तिथेच लोळवतात. म्हणजे दुसरी सुई देण्यात अर्थच नसे. जी सोय नव्हतीच, तिच्या नसण्याची जाहिरात कशी करावी, हे साहेबांकडून शिकावं.

बाईंच्या हातातल्या कागदावर दोन आकडे होते. त्यांच्याकडे दोन यंत्रं. एक नुसती कवचं मोजे. दुसरं कवचं फोडून आत जनुक आहे का ते बघे. जुन्या छोट्या टाकीत शंभर कवचांतली ऐंशी भरलेली निघत. मोठ्या टाकीतली शंभरात अठरा भरलेली निघाली होती. बाकीची ब्याऐंशी पोकळ. बाईंनी तीनदा मोजलं. तिसऱ्यांदा सतरा आली.

आणि गुरुवारच्या दोन रुग्णांतला दुसरा बाईंचा सख्खा धाकटा भाऊ होता.

हे त्यांनी लपवलं नव्हतं. कामावर घेताना भरून घेतलेल्या फॉर्मात, कंपनीचे शेअर आहेत का, एवढंच विचारलं होतं. शेअर नव्हते. भाऊ आहे का, असं कुणी विचारलं नव्हतं.

सभा संपल्यावर बाई गुणवत्ताप्रमुखांकडे गेल्या. हा गृहस्थ टेबलावरची पेन्सिलसुद्धा कडेला समांतर ठेवी. त्याने कागद पाहिला, चष्मा पुसला, पुन्हा पाहिला.

“मग अडचण काय आहे?” तो म्हणाला.

“अठरा टक्केच भरलेत. हॉस्पिटलला कळवायला हवं.”

“फॉर्मात रकाना कुठे आहे?”

पूर्वी फॉर्मात दोन रकाने होते, ‘एकूण कवचं’ आणि ‘भरलेली कवचं’. गेल्या वर्षी कामकाज सुटसुटीत करायची लाट आली, तेव्हा याच गृहस्थाने फॉर्म नऊ पानांवरून सात पानांवर आणला होता आणि त्याबद्दल त्याचा सत्कारही झाला होता. दोन रकान्यांचा एक झाला. नाव पडलं ‘कण’. त्यात पहिल्या यंत्राचा आकडा जाई, कारण तो मोठा असे आणि बरा दिसे. हॉस्पिटलवाले त्या कणांवरूनच डोस काढणार होते. आजवर छोट्या टाकीत बहुतेक कवचं भरलेलीच असल्याने कुणाचं काही अडलं नव्हतं.

“अहो, पण तो रकाना तुम्हीच काढलात ना?” बाई म्हणाल्या.

“सर्वानुमते काढला. तुमचीही सही आहे.”

होती खरी. त्या दिवशी बाईंना घरी लवकर जायचं होतं आणि त्यांनी न वाचता सही ठोकली होती. त्यांना स्वतःचा मनस्वी राग आला, आणि तो त्यांनी तिथल्या तिथे गुणवत्ताप्रमुखावर काढला. त्याचा परिणाम एवढाच झाला की त्याने पेन्सिल उचलून पुन्हा सरळ ठेवली.

दुपारी त्या साहेबांच्या खोलीत गेल्या. साहेबांनी कागदाकडे पाहिलं आणि हसून खुर्ची दाखवली. वाईट बातमी ऐकताना साहेब नेहमी हसत.

“बाई, तुम्ही पोकळ पोकळ म्हणता, पण त्याकडे जरा वेगळ्या नजरेने बघा. पोकळ कण म्हणजे चकवा! पहारेकरी त्यांच्यामागे धावतील, आणि भरलेले गुपचूप आत शिरतील.”

“असं झालेलं कुठे बघितलंय आपण?”

“एका लेखात शक्यता वर्तवली आहे.”

“कुणी?”

“मीच.”

बाईंनी शांतपणे हिशेब मांडला. आहे तसा डोस दिला तर जनुक पोचणार जेमतेम पाव हिस्सा. तेवढ्याने स्नायूला काही होत नाही, पण पहारेकरी कायमचे जागे होतात. म्हणजे पुढे चांगला माल निघाला तरी त्या माणसाला तो देता येणार नाही. आणि भरपाई म्हणून चौपट-पाचपट दिला तर यकृत झेलणार नाही, जिवावर बेतेल. नवा माल काढायचा आणि त्यातले पोकळ कण वेगळे करून तो शुद्ध करायचा, हाच एक रस्ता.

“त्याला किती दिवस?”

“नवी टाकी लावण्यापासून सगळं धरलं तर दहा महिने. परवानग्या धरून दीड-दोन वर्षं.”

“अशक्य,” साहेब म्हणाले. या वेळी ते हसले नाहीत. “गुरुवारी पहिली सुई टोचली गेली पाहिजे. पाहुणे बोलावलेत. फॉर्मात काय म्हटलंय? कण. कण म्हणजे कण.”

“साहेब, तुम्ही स्वतः घ्याल हे औषध?”

“मला कुठे आजार आहे?” साहेब म्हणाले, आणि या उत्तरात काही वावगं आहे असं त्यांना मुळीच वाटलं नाही.

बाईंनी फॉर्मावर सही करायला नकार दिला. साहेबांनी तो दिलदारपणे स्वीकारला. सहीच्या जागी ‘मोजणी विभाग’ असं छापलेलं होतं, आणि विभागाचा शिक्का गुणवत्ताप्रमुखाच्या कपाटात असे.

संध्याकाळी सहाच्या सुमारास बाई भावाकडे पोचल्या. तो चौतीस वर्षांचा, एक्याण्णव किलोंचा, शाळेत चित्रकला शिकवणारा गृहस्थ, पण घरात त्याचं नाव अजून ‘छोट्या’च होतं. आजाराने त्याचे दंड आणि मांड्या हळूहळू पोखरल्या होत्या. गेल्या दोन वर्षांपासून त्याचा हात खांद्याच्या वर जात नसे, म्हणून तो फळ्याच्या खालच्या अर्ध्या भागातच चित्रं काढी. त्याच्या वर्गातल्या सगळ्या मुलांच्या निसर्गचित्रांत भरपूर जमीन असे आणि आभाळ चिमूटभर.

तो खुर्चीवर बसून हॉस्पिटलची बॅग भरत होता. रक्ताच्या तपासणीत त्याला या विषाणूची कधी लागण झालेली नाही असं निघालं, तेव्हा त्याने शाळेत पेढे वाटावेत तसं सगळ्यांना सांगितलं होतं. निम्मे लोक त्याच तपासणीत बाद होतात. लहानपणी कधीतरी नकळत विषाणू येऊन गेलेला असतो.

“ताई, दोन पायजमे पुरतील ना गं? ते म्हणाले तीन दिवस ठेवतील.”

बाईंनी दार लावलं. आपण गुप्ततेच्या कागदावरही सही केली आहे हे त्यांना आठवलं, आणि त्यांनी ते खुशाल विसरायचं ठरवलं.

“बॅग राहू दे, छोट्या. गुरुवारी सुई घ्यायची नाही.”

तो आधी हसला. मग बाईंनी सगळं सांगितलं, टाकी, कवचं, अठरा टक्के, पहारेकरी. हातातल्या पायजम्याची त्याने नीट घडी केली आणि पुन्हा मोडली.

“पाव हिस्सा तरी पोचेल ना? पाव हात वर गेला तरी चालेल मला.”

“पावाने काही होत नाही रे. आणि दार मात्र बंद होतं. कायमचं.”

“पुढची बाटली कधी येणार?”

“दीड वर्ष. कदाचित दोन.”

“दोन वर्षांनी मी चमचा तरी उचलेन का, ते सांग. तू मोजतेस ना सगळं? मग हे मोज!”

तो कधी ओरडत नसे. बाईंना रडू फुटलं आणि त्यांनी ते लपवलं नाही. हाच पोरगा पाच वर्षांचा असताना त्यांच्या पाठीवर बसून जिना चढायचा, आणि आता पंचेचाळीसच्या वयात त्यांनी त्याला पुन्हा पाठीवर घेतला असता, तेवढ्याने भागत असतं तर. त्यांना त्याची भयंकर दया आली, आणि त्याला ती कळली म्हणून तो आणखीच चिडला.

“तुमचं आपलं बरं असतं,” तो म्हणाला. “टाकी बिघडली की नवी टाकी लावता. मला कुठली नवी मांडी लावणार?”

मंगळवारी आणि बुधवारी, दोन्ही संध्याकाळी बाई त्याच्याकडे गेल्या. हाता-पाया पडल्या, आकडे काढून दाखवले, एकदा तर जेवण टाकून निघून आल्या. बुधवारी तो एकदाचा म्हणाला, “ठीक आहे. नाही घेत. पण घरी बसून नाही. तिथे जाईन, डॉक्टरांच्या तोंडावर विचारीन आणि मगच नाही म्हणेन. एवढी वर्षं रांगेत उभा राहिलोय, तेवढा तर मान माझा.”

बाईंनी सुटकेचा निःश्वास टाकला. हॉस्पिटलला फोन करायचं या तीन दिवसांत त्यांच्या मनात आलं नव्हतं असं नाही. दोनदा त्यांनी नंबरही काढला. पण बोभाटा झाला तर चाचणीच बंद पडायची, मग पुढची चांगली बाटली छोट्याला कोण देणार? तो आता बाजूला होतो आहे, शुद्ध माल निघाला की पुन्हा आत येईल. बाईंना हा विचार फार समंजस वाटला, आणि त्यांनी फोन ठेवून दिला.

गुरुवारी दहा वाजता दोघं वॉर्डात पोचली. दोनच खाटा होत्या, मध्ये पडदा. दारात साहेबांच्या पाहुण्यांसाठी खुर्च्या मांडल्या होत्या, पण पाहुणे अकराला येणार होते. चाचणीच्या डॉक्टरीणबाई हसतमुख होत्या. कामाच्या ओझ्याने खांदे उतरलेले, पण रुग्णाशी बोलताना खुर्ची ओढून समोर बसणाऱ्या.

“तयार ना, सर?” त्यांनी विचारलं. “शेवटचं काही विचारायचं असेल तर विचारा.”

“बाटलीतल्या कणांपैकी भरलेले किती?” छोट्या म्हणाला.

डॉक्टरीणबाईंनी कागद उलटला, सुलटा केला. “इथे कण लिहिलेत. म्हणजे... भरलेलेच असणार की. रिकामे कशाला मोजतील?”

“तेच विचारतोय.”

त्या वेड्या नव्हत्या. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, मग त्याच्या शेजारी मान खाली घालून उभ्या असलेल्या बहिणीकडे पाहिलं आणि तिथूनच साहेबांना फोन लावला. फोन त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असा ठेवला.

“कण म्हणजे कण, डॉक्टर,” साहेबांचा आवाज आला. “फॉर्म सर्वानुमते मंजूर आहे. आम्ही निघतोच आहोत, फुलं घेऊन.”

“साहेब, भरलेले किती? आकडा सांगा.”

“पुढच्या टाकीत ते सगळं—”

डॉक्टरीणबाईंनी फोन बंद केला. छोट्याची बाटली त्यांनी ट्रेमधून उचलली आणि पुन्हा थंड पेटीत ठेवली. “लेखी उत्तर आल्याशिवाय मी सुई लावणार नाही,” त्या म्हणाल्या. छोट्याने डोळे मिटून मान डोलावली. बाईंना एकदम हलकं वाटलं. पोरगा वाचला होता.

डॉक्टरीणबाई मात्र हलल्या नाहीत. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता आणि त्या पडद्याकडे बघत होत्या. मग जवळजवळ पळतच त्या बाहेर गेल्या.

पडद्यामागून आवाज आला, “आज तुमचं नाही का व्हायचं?”

बाईंनी पडदा सरकवला. पलीकडच्या खाटेवर पन्नाशीची एक बाई उशांना टेकून बसली होती. हाताला पट्टी, वर लटकवलेली पिशवी रिकामी झालेली. पेशाने शिंपीण. मांडीवर कापड घेऊन ती एका हाताने काजं करत होती, कारण नुसतं बसणं तिला ठाऊक नव्हतं.

“माझं सकाळी आठलाच झालं,” ती म्हणाली. “काही दुखत नाही बघा, सांगा यांना. मला मशीनचा पायटा मारवेना झालाय, मांडीच उचलत नाही. मी डॉक्टरांना म्हटलं, लवकर लावा, गिऱ्हाईकं खोळंबलीत. एकदाच घ्यायचं म्हणे, मग परत नाही.”

बाईंची नजर त्या रिकाम्या पिशवीवर अडकली. दोन रुग्ण आहेत हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. दोन बाटल्या त्यांनी स्वतः मोजल्या होत्या. आणि तीन दिवस, तीन संध्याकाळी, त्यांनी एकाच बाटलीची काळजी केली होती.

शिंपिणीला वाटलं, या घाबरल्या. तिने सुई कापडात खोचली आणि समजुतीच्या सुरात म्हणाली, “घाबरू नका हो. मी काल सगळं विचारून घेतलं. अगदी मोजून देतात. तिथे एक बाई आहेत म्हणे मोजायला, फार काटेकोर. एक कण इकडचा तिकडे होऊ देत नाहीत.”

पलीकडे छोट्याने हातांनी तोंड झाकायला घेतलं होतं, पण हात हनुवटीपर्यंतच पोचले होते.

बाईंनी खुर्ची ओढली आणि त्या शिंपिणीच्या समोर बसल्या. खोटं बोलायला अजून जागा होती. डॉक्टर काय ते सांगतील, असं म्हणून उठताही आलं असतं. त्यांना स्वतःची जेवढी शरम वाटली तेवढी आयुष्यात कधी कशाची वाटली नव्हती.

“ती बाई मीच,” त्या म्हणाल्या, आणि त्यांनी सगळं सांगितलं. अठरा टक्के. पोकळ कवचं. बंद झालेलं दार. काही गाळलं नाही, काही मऊ केलं नाही.

ऐकता ऐकता शिंपिणीने मांडीवरचं कापड गोळा केलं. मग हाताच्या पट्टीकडे पाहिलं.

“तुम्हाला कधी कळलं हे?”

“सोमवारी.”

“मग सोमवारी का नाही सांगितलंत?”

“सोमवारी मी भावाला सांगितलं,” बाई म्हणाल्या.